अमेरिकेतील राज्य उच्च शिक्षण मंडळे: सरकारी विद्यापीठांवर शेवटचा शब्द कोणाचा?

प्रश्न: तासिका_प्राध्यापक (अमरावती)

नमस्कार. विदर्भातील एका अनुदानित महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवतो. पदव्युत्तर वर्गासाठी तुलनात्मक प्रशासनाचा एक घटक तयार करताना अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या कारभाराकडे वळलो आणि तिथेच अडकलो. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगासारखी केंद्रीय संस्था तिथे नाही, उच्च शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे आणि बहुतेक राज्यांत सरकारी महाविद्यालयांवर व विद्यापीठांवर देखरेख ठेवणारे एखादे मंडळ असते, इथपर्यंत पुस्तकांतून कळते. मात्र हे मंडळ प्रत्यक्षात करते काय, हे विचारले की प्रत्येक पुस्तक 'समन्वय', 'धोरण', 'उत्तरदायित्व' असे शब्द पुढे करून बाजूला होते.

माझा प्रश्न अधिकाराचा आहे. राज्यपाल, विधिमंडळ, हे मंडळ आणि विद्यापीठाचा प्रमुख अशा चौघांत शेवटचा शब्द कोणाचा असतो? विद्यापीठाचा प्रमुख कोण नेमतो, पैसा कोणाच्या हातून जातो, शुल्क कोण ठरवतो आणि एखादा विभाग बंद करायचा झाल्यास तो ठराव कुठे मंजूर होतो? मंडळाच्या सदस्यांना राज्यपाल नेमत असतील, तर मंडळ राज्यपालांपासून स्वतंत्र आहे असे म्हणण्याला अर्थ काय उरतो, हीही शंका आहे.

आपल्याकडे एका पदाला मान्यता मिळण्यासाठी आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रमतक्ता), सहसंचालक कार्यालयाचे ना-हरकत आणि वित्त विभागाची संमती या वाटेने फाइल कशी फिरते, हे मी जवळून पाहतो आहे. तिथे ही फाइल कोणत्या टेबलांवरून जाते, हे तिकडे काम करणाऱ्या कोणी सांगितले तर उपयोग होईल. सर्व राज्यांचा आढावा नको. एखादे राज्य नीट कळले तरी पुरे.

उत्तर: अटलांटाकर

सर, पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा आहेत, त्यामुळे मी फक्त जॉर्जियाबद्दल लिहिते. येथील एका सरकारी महाविद्यालयाच्या शैक्षणिक कार्यालयात मी बरीच वर्षे काम करते आहे, आणि आपण विचारलेल्या फाइली माझ्याही टेबलावरून जातात.

जॉर्जियात १९३१ पूर्वी प्रत्येक सरकारी महाविद्यालयाचे स्वतंत्र विश्वस्त मंडळ होते आणि प्रत्येक मंडळ आपापल्या भागातील आमदारांमार्फत राज्याच्या तिजोरीतून जमेल तेवढे ओढून नेत असे. मंदीच्या काळात हे परवडेनासे झाले. रिचर्ड रसेल राज्यपाल असताना १९३१ च्या पुनर्रचना कायद्याने ही सर्व विश्वस्त मंडळे बरखास्त झाली आणि त्यांच्या जागी एकच 'बोर्ड ऑफ रीजंट्स' आले. जॉर्जिया विद्यापीठ, जॉर्जिया टेक, जॉर्जिया स्टेट यांच्यापासून लहान राज्य महाविद्यालयांपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक विद्यार्थी आज या एका मंडळाच्या छत्राखाली शिकतात. तंत्र महाविद्यालये मात्र यात येत नाहीत. त्यांची प्रणाली आणि मंडळ वेगळे आहे.

मंडळावर सध्या १९ सदस्य असतात. राज्यात अमेरिकन काँग्रेसचे, म्हणजे आपल्या लोकसभेसारखे, १४ मतदारसंघ आहेत. त्या प्रत्येकातून एक आणि संपूर्ण राज्यातून पाच असे सदस्य राज्यपाल नेमतात, त्यांना राज्याच्या सिनेटची, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते आणि मुदत सात वर्षांची असते. सदस्य बहुधा वकील, उद्योजक, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक असे असतात. प्राध्यापकांचा किंवा विद्यार्थ्यांचा मतदानाचा हक्क असलेला प्रतिनिधी त्यात नसतो. विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी माणसाला हे प्रथम खटकते, आणि माझ्या मते ते खटकायलाच हवे. दैनंदिन कारभारासाठी मंडळ एक पगारी चॅन्सेलर नेमते. त्याच्या हाताखाली अटलांटात प्रणालीचे कार्यालय आहे, आणि आमच्या बहुतेक फाइली तिथेच अडतात किंवा सुटतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. मंडळाचे खरे बळ पैसा वाटण्यात आणि माणसे नेमण्यात आहे. प्रत्येक संस्थेचा अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूंच्या तोडीचे पद, मंडळ नेमते आणि मंडळाची मर्जी असेतोवरच तो त्या खुर्चीत राहतो. पैशाबाबत जॉर्जियाच्या स्वतःच्या राज्यघटनेतच (येथे प्रत्येक राज्याची वेगळी घटना असते) तरतूद आहे की विद्यापीठ प्रणालीसाठीचे अनुदान विधिमंडळाने मंडळाच्या हवाली करावे आणि कोणत्या संस्थेला किती द्यायचे ते मंडळाने ठरवावे. त्यामुळे एखादा आमदार आपल्या गावच्या महाविद्यालयावर खूश असो वा रागावलेला असो, वाटपाच्या टप्प्यावर त्याचा हात सहसा पोहोचत नाही. इमारतींच्या मोठ्या कामांची गोष्ट वेगळी आहे. तिथे कर्जरोखे विधिमंडळातून मंजूर होतात आणि तिथे आमदारांचा वावर भरपूर असतो.

तिजोरीतून एकूण किती मिळणार, हे मात्र विधिमंडळाच्याच हाती राहते. त्यासाठीचे सूत्र मुख्यतः क्रेडिट तासांवर, म्हणजे किती विद्यार्थ्यांनी किती क्रेडिटचे विषय घेतले यावर, चालते आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचे आकडे धरले जातात. या वर्षी वर्ग ओसंडून वाहत असले तरी त्याचे पैसे दोन वर्षांनी येतात. महासाथीनंतर विद्यार्थी घटले, त्याची कातरीही अशीच उशिरा लागली. त्यातच २०२३ मध्ये विधिमंडळाने पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पातून प्रणालीचे आणखी ६ कोटी ६० लाख डॉलर कापले. चॅन्सेलर सनी पर्ड्यू यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पर्ड्यू स्वतः २००३ ते २०११ या काळात याच राज्याचे राज्यपाल होते, तरीही त्यांना ती कपात रोखता आली नाही.

शिक्षणशुल्कही मंडळच ठरवते. दर वसंत ऋतूत एका बैठकीत पुढील वर्षाचे दर मंजूर होतात आणि त्यापलीकडे संस्थेला स्वतःच्या मनाने एक डॉलरही वाढवता येत नाही. २००९ मध्ये मंदीतून तात्पुरती वाट म्हणून 'विशेष संस्था शुल्क' नावाची एक ओळ विद्यार्थ्यांच्या बिलात आली. पालक खिडकीशी येऊन ही रक्कम कशाची, असे विचारत आणि आमच्याकडे सांगण्याजोगे उत्तर नसे, कारण त्या शुल्कातून ना वाचनालयाची सोय होत होती, ना मैदानाची. ती नुसती अनुदानातील तूट होती. मंदी ओसरली तरी ही ओळ राहिली आणि २०२२ मध्ये मंडळानेच ती काढली.

नवीन पदवीच्या फाइलीचा प्रवास असा होतो. विभागात कल्पना निघते, ती महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीतून आणि प्राध्यापक सभेतून जाते, प्रोव्होस्ट (संस्थेचा शैक्षणिक प्रमुख) आणि अध्यक्ष यांच्या सह्या होतात आणि मग प्रस्ताव प्रणालीच्या कार्यालयात पोहोचतो. तिथे पाठ्यघटकांत काय शिकवणार, हे कोणी फारसे विचारत नाही. शेजारच्या संस्थेत हाच अभ्यासक्रम असताना तुम्हाला तो कशाला हवा, पहिल्या काही वर्षांत किती विद्यार्थी येतील, नवीन अध्यापक लागतील का आणि त्यांचा पगार कुठून देणार, या प्रश्नांवर प्रस्ताव महिनोन्महिने मागेपुढे होतो. मंडळाच्या बैठकीपर्यंत तो पोहोचतो, तेव्हा चर्चा जवळजवळ संपलेली असते. विषयपत्रिकेवरील अशा बाबी एकत्रच मंजूर होतात. अभ्यासक्रमाच्या सामाईक भागावर मात्र मंडळाची पकड आहे. पहिल्या दोन वर्षांतील ४२ क्रेडिटचा सामान्य शिक्षणाचा गाभा संपूर्ण प्रणालीत समान चौकटीत आहे, म्हणून लहान महाविद्यालयात तो पूर्ण केलेला विद्यार्थी जॉर्जिया स्टेटमध्ये गेला तर त्याला ते विषय पुन्हा घ्यावे लागत नाहीत. मला मंडळाचे हे सर्वांत उपयुक्त काम वाटते, आणि याचीच बातमी कधी होत नाही.

संस्था बंद करणे किंवा विलीन करणे हाही अधिकार मंडळाचाच आहे. २०१३ ते २०१८ या काळात विलीनीकरणांनी ३५ संस्थांच्या २६ झाल्या. सदर्न पॉलिटेक्निक ही मॅरिएटा येथील अभियांत्रिकीची संस्था २०१५ मध्ये केनेसॉ स्टेटमध्ये मिसळली. तेथील विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, माजी विद्यार्थी संतापले, पण ठराव झाला तो झालाच.

उत्तर: ह्यूस्टनचा_मास्तर

वरील उत्तर उत्तम आहे. मात्र ते वाचून सर्वत्र असेच चालते असा समज होऊ नये, म्हणून टेक्सासबद्दल थोडे लिहितो. येथील एका सरकारी महाविद्यालयात मी गणित शिकवतो.

जॉर्जियाचे मंडळ मालकासारखे आहे, तर टेक्सासचे राज्य मंडळ मुख्यतः समन्वयाचे. ते १९६५ मध्ये स्थापन झाले. राज्यपालांनी सहा वर्षांसाठी नेमलेले त्याचे नऊ सदस्य एकाही विद्यापीठाचा प्रमुख नेमत नाहीत. तो अधिकार टेक्सास विद्यापीठ प्रणाली, टेक्सास ए अँड एम प्रणाली, ह्यूस्टन, टेक्सास टेक अशा प्रत्येक प्रणालीच्या स्वतंत्र रीजंट मंडळाकडे असतो आणि त्या मंडळांचे सदस्यही राज्यपालच नेमतात. शिवाय दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांचे विश्वस्त त्या त्या जिल्ह्यातील मतदार थेट निवडतात आणि हे विश्वस्त घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून स्वतः पैसा उभारतात. म्हणजे एकाच शहरात तीन तऱ्हेचे धनी नांदतात.

मग समन्वय मंडळाच्या हाती काय उरते? नव्या पदव्यांना मंजुरी देणे, राज्याच्या अनुदानाचे सूत्र सुचवणे आणि आकडेवारी गोळा करणे. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण आकडेवारी ज्याच्या हाती असते त्याचा दबदबा वाढतच जातो. २०११ च्या सुमारास या मंडळाने पाच वर्षांत २५ पदवीधरही न देणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांवर बोट ठेवले आणि राज्यातील भौतिकशास्त्राचे कितीतरी लहान विभाग एकदम धोक्यात आले. भौतिकशास्त्राला मुळात विद्यार्थी कमीच येतात, पण अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांच्या शेकडो विद्यार्थ्यांना तोच विभाग शिकवतो, ही गोष्ट पदवीधरांच्या रकान्यात दिसत नाही. काही विभागांनी एकत्र येऊन संयुक्त पदवीची वाट काढली, काहींनी गाशा गुंडाळला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या मंडळाची सर्वांत ठळक खूण म्हणजे विषयांचे सामाईक क्रमांक. 'इंग्लिश १३०१' म्हटले की एल पासोपासून ह्यूस्टनपर्यंत बहुतेक सरकारी महाविद्यालयांत पहिल्या सत्राचा निबंधलेखनाचा वर्ग समजायचा. माझ्याकडे उन्हाळ्यात कॅल्क्युलस शिकून शरद ऋतूत मोठ्या विद्यापीठात परतणारी मुले येतात. त्यांना कोणत्याही दाखल्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही.

शुल्काचे मात्र येथे उलटे आहे. २००३ मध्ये विधिमंडळाने शुल्क ठरवण्याचा आपला अधिकार सोडून प्रत्येक विद्यापीठाच्या मंडळाला दिला. त्यानंतर शुल्क झपाट्याने वाढले, आणि अधूनमधून आमदारच त्याबद्दल मंडळांवर डोळे वटारतात. अनुदान आवळायचे आणि शुल्क का वाढले म्हणून जाब विचारायचा, हा खेळ दोन्ही देशांत सारखाच रंगतो.

आणखी एक टोक पाहायचे असेल तर मिशिगन पाहावे. मिशिगन विद्यापीठाचे आठ रीजंट संपूर्ण राज्यातील मतदार पक्षाच्या तिकिटावर आठ वर्षांसाठी निवडतात आणि राज्यघटनेने त्यांना दिलेली स्वायत्तता विधिमंडळाला सहजी मोडता येत नाही. सर्व विद्यापीठांवर हुकूम चालवणारे एक राज्य मंडळ तिथे नाहीच.

तासिका_प्राध्यापक

दोघांचेही मनापासून आभार. वर्गात मांडण्यासाठी मालक मंडळ आणि समन्वय मंडळ ही विभागणीच पुरेशी ठरेल. ताई, एक गोष्ट मात्र अजून सुटत नाही. आपण राज्यघटनेचा उल्लेख केलात. १९३१ चे मंडळ साध्या कायद्याने आले होते, तर त्याला राज्यघटनेत नेऊन बसवण्याची गरज का भासली? आणि राज्यघटनेत असूनही राज्यपालांचा हात रोखला जातो का? इथल्या कोणी आपल्या २०१६ च्या कायद्याशी तुलना केली, तर तीही हवी आहे.

उत्तर: माजी_अधिसभा_सदस्य (पुणे)

तुलनेचा भाग मी घेतो, राज्यघटनेचा इतिहास ताई सांगतीलच.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याने १९९४ च्या कायद्याची जागा घेतली. जॉर्जियात जे अधिकार एका मंडळात एकवटले आहेत, ते आपल्याकडे निदान चार ठिकाणी विखुरलेले आहेत. राज्यपाल पदसिद्ध कुलपती असतात आणि शोध समितीने सुचवलेल्या नावांतून कुलगुरूंची निवड तेच करतात. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद या विद्यापीठाच्या आतल्या संस्था आहेत, आणि त्यांत निवडून आलेले प्राध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक व पदवीधर बसतात. पैसा आणि पदे मात्र शासनाकडे आहेत. शासनाच्या निधीतून द्यावयाच्या वेतनाचे एकही पद विद्यापीठाला शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय निर्माण करता येत नाही, आणि अनुदानित महाविद्यालयांच्या वेतनाचा प्रवाह उच्च शिक्षण संचालनालय आणि विभागीय सहसंचालक यांच्यामार्फत, विद्यापीठाला वळसा घालून, वाहतो. नवे महाविद्यालय हवे असेल तर अर्ज विद्यापीठाकडे करायचा, तो पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात बसतो का ते तिथे पाहायचे, पण इरादापत्र आणि अंतिम परवानगी शासनाची, आणि मग संलग्नता पुन्हा विद्यापीठाची.

राज्यभराचा विचार करणारी संस्था म्हणून या कायद्यात महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग, म्हणजे 'माहेड', आहे. कागदावर तो टेक्सासच्या समन्वय मंडळाच्या जवळ जातो, कारण बृहत् आराखड्यांना मान्यता देणे आणि राज्याच्या उच्च शिक्षणाची दिशा आखणे हे त्याचे काम आहे. परंतु त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री आहेत. जॉर्जियाच्या राज्यघटनेत राज्यपालाने मंडळाचा सदस्य असू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तेथील राज्यपाल हा निवडून आलेला कार्यकारी प्रमुख, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा, हे ध्यानात घेतले तर दोन रचनांमधील अंतर लगेच दिसते.

अधिसभेत बसलेला माणूस म्हणून माझे निरीक्षण असे आहे की आपल्याकडे बोलायला जागा पुष्कळ आहे आणि ठरवायला फार थोडी. अर्थसंकल्पाच्या सभेत आम्ही स्थगन प्रस्ताव मांडले, परीक्षांच्या उशिरा लागणाऱ्या निकालांवर तासन् तास भाषणे केली, पण रिक्त पदे भरण्याच्या प्रश्नावर कुलगुरूंचे उत्तर ठरलेले असे: प्रस्ताव शासनाकडे प्रलंबित आहे. जॉर्जियात प्राध्यापकांना मंडळावर जागा नाही, पण मंजूर रकमेतून अध्यापक नेमण्यासाठी तेथील संस्थेच्या अध्यक्षाला मंत्रालयाची पायरी चढावी लागत नाही. यांपैकी काय निवडाल, असे विचारले तर तासिकेवर राबणारे शिक्षक कदाचित माझ्यापेक्षा वेगळे उत्तर देतील.

कायद्याच्या टिकाऊपणाबद्दल एकच उदाहरण देतो. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती विधेयक मंजूर केले. त्यात मंत्र्यांसाठी प्र-कुलपती हे पद होते आणि कुलगुरूपदासाठी दोन नावे शासनाने कुलपतींकडे पाठवायची, अशी तरतूद होती. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ते विधेयक मागे घेतले. विद्यापीठ कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न वर्षभरात दोन वेळा साध्या बहुमताने निकालात निघाला.

उत्तर: अटलांटाकर

सर, आपल्या प्रश्नाचे उत्तर १९४१ मध्ये आहे.

त्या वर्षी राज्यपाल युजीन टाल्मज यांनी जॉर्जिया विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र शाखेचे अधिष्ठाता वॉल्टर कॉकिंग यांना काढण्याची मागणी केली. गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्याचा विचार ते मांडतात, असा आरोप होता. स्टेट्सबरो येथील शिक्षक महाविद्यालयाचे अध्यक्ष मार्विन पिटमन हेही त्याच यादीत होते. मंडळाने सुनावणी घेतली आणि निसटत्या बहुमताने कॉकिंग यांना ठेवण्याचा निर्णय दिला. तेव्हा टाल्मज यांनी काही रीजंट बदलले, नव्या मंडळाची बैठक झाली आणि दोघेही गेले. दहा वर्षांपूर्वी राजकारण दूर ठेवण्यासाठी उभारलेले मंडळ पहिल्याच मोठ्या कसोटीत असे वाकले.

पुढे जे घडले ते मंडळामुळे घडले नाही. महाविद्यालयांना अधिस्वीकृती, म्हणजे दर्जाची मान्यता, देणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या संघटनेने राजकीय हस्तक्षेपाचे कारण देऊन डिसेंबर १९४१ मध्ये जॉर्जियातील गोऱ्यांच्या दहा सरकारी संस्थांची अधिस्वीकृती काढण्याचा निर्णय घेतला. आपली पदवी इतर राज्यांत चालणार नाही, हे लक्षात येताच विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पालक बिथरले आणि १९४२ च्या निवडणुकीत हाच मुद्दा घेऊन एलिस आर्नल यांनी टाल्मज यांना हरवले. वंशभेदाविरुद्धचा हा उठाव होता असे मात्र समजू नये. आर्नल यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बहुतेकांना वर्णविभाजन मान्यच होते, त्यांना राग होता तो मुलांच्या पदव्या कवडीमोल झाल्याचा. १९४३ मध्ये मंडळ राज्यघटनेत गेले. त्यामुळे आता त्याचे अधिकार काढायचे तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि त्यानंतर मतदारांचा कौल, दोन्ही लागतात.

राज्यपालांचा हात यामुळे रोखला जातो का, याचे उत्तर गणितात आहे. सदस्याची मुदत सात वर्षे आणि राज्यपालाच्या सलग दोन कारकिर्दी मिळून आठ वर्षे. जो राज्यपाल दुसऱ्यांदा निवडून येतो, त्याच्या कारकिर्दीअखेर बहुतेक सर्व जागा त्याच्याच नेमणुकीच्या असतात. एका रात्रीत मंडळ बदलता येत नाही, एवढेच संरक्षण आहे, आणि ते कमी नाही. पण सबुरी असलेल्या राज्यपालाला ते अडवू शकत नाही. २०२१ मध्ये पर्ड्यू यांचे नाव चॅन्सेलरपदासाठी पुढे आले तेव्हा मंडळात एकमत होईना आणि शोध थांबला. त्या काळात अधिस्वीकृती संस्थेच्या प्रमुखांनी राजकीय दबावाबाबत सावध करणारे पत्र मंडळाला पाठवले होते. २०२२ च्या आरंभी काही नवे सदस्य आले आणि मार्चमध्ये पर्ड्यू यांची निवड झाली.

स्वायत्त मंडळ म्हणजे अध्यापकांचे कवच, असाही समज नको. ऑक्टोबर २०२१ मध्ये कायम नियुक्तीनंतरच्या मूल्यमापनाचे नियम बदलून, त्यात वारंवार कमी पडणाऱ्या अध्यापकाला पूर्वीसारख्या सहकाऱ्यांसमोरच्या सुनावणीशिवाय कमी करण्याची वाट याच मंडळाने मोकळी केली. अमेरिकन विद्यापीठ अध्यापकांच्या संघटनेने मार्च २०२२ मध्ये संपूर्ण प्रणालीवर निषेधाचा ठराव केला, पण नियम तसाच राहिला. राज्यपालांपासून मिळालेली मोकळीक मंडळाची असते, प्राध्यापकांची नसते.

आता लक्ष ठेवावे ते १९४१ मधल्या त्या बाहेरच्या पंचावर. जून २०२५ मध्ये जॉर्जियासह दक्षिणेकडील सहा राज्यांतील सरकारी विद्यापीठ प्रणालींनी सार्वजनिक विद्यापीठांसाठी स्वतःची नवी अधिस्वीकृती संस्था उभारण्याची घोषणा केली. जुन्या संस्थेची कागदपत्रे, खर्च आणि दिरंगाई यांविषयीच्या त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. अहवालांच्या त्या गठ्ठ्यांपायी मीही रविवार घालवले आहेत. तरीही ज्यांची तपासणी व्हायची त्यांनीच तपासनीस नेमावा, ही रचना टाल्मज यांना फार सोयीची वाटली असती. आपल्या विद्यार्थ्यांना मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त वाचायला सांगा. ते संकेतस्थळावर खुले असते, आणि कोणत्या बाबीवर चर्चा झाली व कोणत्या बाबी एका दमात मंजूर झाल्या, हे त्यात ओळीओळीने दिसते.